स्टोअरबाईंच्या डब्यातले नंबर

आमच्या सासूबाईंनी आयुष्यात एकही गाडी चालवलेली नाही. सायकलवर एकदाच बसल्या, तेव्हा एका दूधवाल्याला आडवं करूनच उतरल्या. तरी जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या क्लबात पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांची असते. त्या येईपर्यंत चहा फिरत नाही. दाताचे डॉक्टर त्यांना घ्यायला स्वतः येतात आणि आपल्या दोन सीटच्या हिरव्या गाडीचं दार धरून उभे राहतात. जे डॉक्टर दाढ उपटताना पेशंटकडे ढुंकून बघत नाहीत, ते सासूबाईंना विचारतात, "आजी, वारा लागतोय का? काच लावू?"

हे सगळं एका बिस्किटाच्या डब्यामुळे.

सासूबाई एकतीस वर्षं एका मोटार एजन्सीच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळत होत्या. सगळे त्यांना स्टोअरबाई म्हणत, आणि घरीही त्या तशाच होत्या. चमचा हवा असेल तरी आधी जुना दाखवावा लागे. त्या वर्कशॉपमध्ये तेव्हा गावातल्या हौशी लोकांच्या स्पोर्ट्स गाड्या यायच्या. हौशी माणूस गाडी पळवतो, पण तेल बघत नाही. मग इंजिनातला दांडा तुटतो, ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या ओतीव लोखंडी अंगाला, आतून भोक पाडतो, आणि गाडी दोरीला बांधून वर्कशॉपला येते. अशा वेळी कंपनीकडून नवा ब्लॉक मागवायचा. तो कोरा यायचा. नंबर ठोकायची सपाट जागा असायची, पण तिथे नंबर नसायचा. जुन्या ब्लॉकवरचा नंबर मिस्त्री पंच आणि हातोडी घेऊन एकेक आकडा करत नव्यावर ठोकायचे.

आता एकाच नंबराचे दोन ब्लॉक जगात राहायला नकोत, म्हणून कंपनीचा कडक नियम होता. जुन्या ब्लॉकवरची नंबराची जागा करवतीने कापून काढायची, तो बिस्किटाएवढा लोखंडी तुकडा पार्सलने कंपनीला पाठवायचा. तुकडा पोचला नाही तर पुढचा ब्लॉक मिळायचा नाही. तुकड्यांची पार्सलं बांधायचं काम स्टोअरबाईंचं. आलेला नवा ब्लॉक तपासून घ्यायचं कामही त्यांचंच. पेटीतून काढला की त्या नंबराच्या जागेवरून अंगठा फिरवायच्या, कडेला उठवलेली, ब्लॉक ओतल्याची तारीख वाचायच्या आणि मगच सही करायच्या. एकदा एका ड्रायव्हरने घाई केली तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं होतं, "मी नवऱ्यालासुद्धा एवढ्या लवकर पसंत केलं नव्हतं."

पुढे एजन्सी बंद झाली, कंपनीही गेली, रजिस्टरं रद्दीत गेली. आणि त्याच गाड्या, ज्या तेव्हा कोपऱ्यात धूळ खात पडल्या होत्या, त्यांना अचानक भाव आला. क्लब निघाला. आणि क्लबात एकच वाद सुरू झाला, कुणाच्या गाडीत जन्मापासूनचं इंजिन आहे आणि कुणाचं बदललेलं. लोक आपल्या खानदानाबद्दल बोलणार नाहीत इतक्या ताठ मानेने इंजिनाबद्दल बोलू लागले. "आमचं ओरिजिनल आहे हो. वडिलांनी पानासुद्धा लावू दिला नाही कुणाला."

अकरा वर्षांपूर्वी क्लबाचा पहिला मेळावा भरला. आम्ही दोघी सहज बघायला गेलो होतो. सासूबाई एका पिवळ्या गाडीजवळ वाकून बघत होत्या, तेवढ्यात तिचा मालक, बांधकामाचा कंत्राटदार, म्हणाला, "आजी, जरा मागे व्हा. हात नका लावू. तुम्हाला काय कळणार त्यातलं."

सासूबाई सावकाश सरळ झाल्या. चष्मा पुसला. म्हणाल्या, "बरोबर आहे. नंबर काय म्हणालात इंजिनाचा? शेवटी अठ्ठावीस ना? त्याचा कापलेला तुकडा असेल माझ्या डब्यात. घरी जाऊन बघते."

कंत्राटदाराच्या तोंडचं पाणी पळालं. दोन मिनिटांत खुर्ची आली, तीही गादीची. तिसऱ्या मिनिटाला चहा आला. आणि मेळावा संपायच्या आत क्लबभर झालं, की स्टोअरबाईंनी ते सगळे तुकडे पार्सल केलेच नाहीत, एका डब्यात जपून ठेवलेत, आणि कुणाचं इंजिन जन्माचं आणि कुणाचं दत्तक ते सगळं त्या डब्यात आहे.

डबा आमच्या कपाटात आहे, निळा, झाकणावर मांजर. नवऱ्याच्या शर्टाचं बटण तुटलं म्हणून मी एकदा तो उघडला. आत बटणं होती. शर्टाची, कोटाची, एक फ्रॉकचं गुलाबी. तळाशी दोन सुया आणि एक अंगठी, तीही पडद्याची. मी डबा हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"तुकडे कुठायत?"

"कंपनीला पाठवले. नियम होता ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी कधी नियम मोडलाय का?"

"आणि लोकांना जे सांगता ते?"

"मी कुठे काही सांगते? मी फक्त नंबर विचारते. पुढचं ते स्वतःच समजून घेतात."

मी हात टेकले. आणि खरं सांगते, मलाही मजा येत होती. एकदा घरचा नळ गळत होता, प्लंबर आठवडाभर फिरकला नव्हता. त्याच्या मालकाकडे लाल स्पोर्ट्स गाडी होती. सासूबाईंनी फोन करून फक्त गाडीची खुशाली विचारली. प्लंबर अर्ध्या तासात दारात.

या सगळ्यात एकच माणूस आमच्याकडे कामाशिवाय यायचा. वर्कशॉपमधले मिस्त्री. तेच, ज्यांनी ते सगळे ब्लॉक बदलले होते. ऐंशी ओलांडलेले, हडकुळे, बोलणं मोजकं. दर गुरुवारी सकाळी दहाला यायचे, खुर्चीच्या कडेवर बसायचे, जणू पूर्ण बसलं तर कुणीतरी उठवेल. दोघं बेअरिंगांवर बोलायचे. माझा नवरा म्हणायचा, आई एवढी गोड कुणाशीच बोलत नाही. मला नवऱ्याशी भांडायला विषय कमी नाहीत, पण यात मी त्याच्या बाजूने होते.

आणि याच मिस्त्रींवर बालंट आलं.

क्लबाच्या अध्यक्षांकडे वडिलांची पांढरी स्पोर्ट्स गाडी आहे. तिचं नाव जुन्या गाड्यांच्या नोंदवहीत चढवायचं म्हणून त्यांनी बाहेरगावचा तपासनीस बोलावला. तपासनिसाने टॉर्च मारला आणि पाच मिनिटांत सांगितलं, "गाडी अडुसष्टची आहे. ब्लॉक त्र्याहत्तरचा. बदललेला आहे." इतकी वर्षं जन्माच्या इंजिनाच्या गप्पा मारलेला माणूस चारचौघांत तोंडावर पडला. पडला तो पडला, उठताना मिस्त्रींना धरून उठला. म्हणाला, "आमच्या बाबांनी इंजिन बदललंच नव्हतं. फक्त दुरुस्तीला दिलं होतं. म्हणजे मिस्त्रीने आमचा अस्सल ब्लॉक काढून कुणाला तरी दिला आणि कुठला तरी जुना टाकून त्याच्यावर आमचा नंबर ठोकला."

क्लबाच्या खोलीत भिंतीवर एक फळी आहे, जुन्या कारागिरांच्या नावांची. वरून दुसरं नाव मिस्त्रींचं. येत्या रविवारच्या सभेत ते नाव खाली उतरवायचं, असं ठरलं. मिस्त्रींच्या मुलीचं गॅरेज आहे. दोन जणांनी तिथून आपल्या गाड्या न सांगता नेल्या.

त्या गुरुवारी मिस्त्री नऊलाच आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "बाई, लोक म्हणतात तसं तुमच्या डब्यात अध्यक्षांचा तुकडा असेल. तेवढा रविवारी दाखवा. फुटक्या ब्लॉकचा नंबर कापून मी तुमच्या हातात दिला होता, हे लोकांना दिसू दे. मग बाकीचं लोखंड कुणाला विकून काय मिळणार होतं मला?"

सासूबाईंनी त्यांच्यासमोरचा चहाचा कप उचलला आणि परत तिथेच ठेवला.

"बघते," एवढंच म्हणाल्या.

ते गेल्यावर त्यांनी डबा काढला, मांडीवर घेतला आणि तासभर तशाच बसल्या. मी म्हटलं, "खरं सांगून टाका त्यांना."

"काय सांगू? की माझ्याकडे बटणं आहेत? बटणांवर त्यांचं नाव वाचणार आहे का?" मग एकदम म्हणाल्या, "अगं, लोक हसतील त्याचं मला काही वाटत नाही. मला चोरी केल्यासारखं वाटतंय. अकरा वर्षं मी गादीच्या खुर्चीत बसले, आणि ज्या एकाला खरंच गरज पडली त्याला द्यायला माझ्याकडे काही नाही."

शुक्रवारी कंत्राटदाराचा फोन आला. फोन माझ्या हातात होता म्हणून सगळं ऐकलं. "वहिनी, आजींना म्हणावं, डबा नका आणू. एकदा उघडला की सगळ्यांचंच निघणार. आम्ही अध्यक्षांना समजावतो. विषय बंद करून टाकू, फळीवरचं नाव तसंच राहील." मी निरोप सांगितला. सासूबाईंचा चेहरा उजळला. "बघ! न उघडताच काम झालं!" आणि मिस्त्रींना फोन लावला.

पलीकडून मिस्त्री काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण फोन ठेवून सासूबाई पुन्हा डबा मांडीवर घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "ते म्हणतात, मला विषय बंद करायचा नाही. लोक गप्प बसले तरी मनात चोरच म्हणणार. मला खरं काय ते हवंय, म्हणतात. या वयात एवढा हट्ट!" शनिवारी त्यांनी दोनदा मला हाक मारली आणि दोनदा "काही नाही" म्हणाल्या.

रविवारी सकाळी क्लबाच्या अंगणात गाड्या ओळीने उभ्या होत्या, बोनेट वर करून. सासूबाई निळा डबा छातीशी धरून आल्या तेव्हा अंगण असं शांत झालं की कुठल्यातरी गाडीचं पाणी ठिबकताना ऐकू येत होतं. दाताच्या डॉक्टरांनी दार धरलं खरं, पण त्यांची नजर डब्यावर होती. मिस्त्री मागच्या रांगेत मुलीच्या शेजारी बसले होते, पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटण लावलेलं. अध्यक्ष टेबलामागे. त्यांच्या बाजूला त्यांची थोरली बहीण, सत्तरीपार, हातात पंखा, कंटाळलेली. भावाच्या आग्रहाखातर आलेली दिसत होती.

कंत्राटदार घाईघाईने उठला. "अध्यक्ष, मला वाटतं हा विषय आपण सामोपचाराने..."

"सामोपचार नको," मागून मिस्त्रींचा आवाज आला. मोठा नव्हता, पण पोचला.

अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे. स्टोअरबाई, तुमच्याकडे आमच्या नंबराचा तुकडा असेल तर दाखवा. मी जाहीर माफी मागेन. नसेल तर नाव उतरेल."

सासूबाई टेबलाजवळ गेल्या. मला वाटलं, आता या काहीतरी भन्नाट थाप मारणार. त्यांनी झाकण काढलं आणि डबा टेबलावर उलटा केला.

बटणं घरंगळली. फ्रॉकचं गुलाबी बटण अध्यक्षांच्या चहाच्या कपाला आपटून थांबलं.

"हे माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "आधीपासून हेच आहे. तुकडे मी त्या त्या महिन्याला कंपनीला पाठवले. तुम्ही सगळे अकरा वर्षं बटणांना घाबरत होतात."

अध्यक्षांनी ते बटण उचलून उलटसुलट पाहिलं. मग कंत्राटदार हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते हसणं होतं की सुटल्याचा आनंद होता ते त्यालाही कळलं नसेल. डॉक्टर म्हणाले, "आजी! मी प्रत्येक वेळी तुम्हाला घ्यायला यायचो!" सगळं अंगण हसलं. सासूबाई लाल झाल्या होत्या. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून त्यांच्याजवळ जायला निघाले.

त्यांनी मला डोळ्यांनीच खाली बसवलं.

"हसून झालं?" त्या म्हणाल्या. "आता मी सांगते ते डब्यातलं नाही. तुमच्या गाडीवर लिहिलेलं आहे. अध्यक्ष, टॉर्च घ्या आणि इकडे या. तुम्हीच वाचा, म्हणजे नंतर मी थाप मारली म्हणायला नको."

सासूबाई त्यांच्या पांढऱ्या गाडीकडे गेल्या, अध्यक्ष नाइलाजाने मागून आले. सासूबाईंनी त्यांचा हात धरून अंगठा नंबराच्या जागेवर टेकवला.

"टॉर्च आडवा धरा. उभा नाही, आडवा. रेघा दिसतात?"

"दिसतात. बारीक, सरळ."

"एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातात? आकड्यांच्या मधूनही?"

"हो. सलग आहेत."

"या कंपनीत ही जागा सपाट करताना पडलेल्या कटरच्या रेघा. जुन्या ब्लॉकवरचा नंबर घासून काढला असता तर या रेघा आधी गेल्या असत्या. जागा गुळगुळीत झाली असती नाहीतर ओरखड्यांनी भरली असती, आणि अंगठ्याला खळगा लागला असता. लागतो का खळगा?"

"नाही."

"म्हणजे या ब्लॉकवर तुमच्या नंबराच्या आधी कुठलाच नंबर नव्हता. कुठला तरी जुना टाकला म्हणता, तो हा नाही. हा पेटीतून आलेला कोरा नवा ब्लॉक आहे. तो कंपनीशिवाय कुणाकडे नव्हता, आणि कंपनी मागच्याचा तुकडा पोचल्याशिवाय पुढचा देत नव्हती. यानंतर या वर्कशॉपला आणखी चाळीस ब्लॉक आले, ते मी सही करून घेतले. तुमचा तुकडा पोचला नसता तर एकही आला नसता. आता कडेची तारीख वाचा. मोठ्याने."

अध्यक्ष वाकले. "सहा... अकरा... त्र्याहत्तर."

"सहा नोव्हेंबरला ओतला. म्हणजे इथे डिसेंबरात आला असेल. त्या हिवाळ्यात तुमच्या गाडीला काय झालं होतं?"

"काही नाही झालं. बाबांनी दुरुस्तीला..."

"काही नाही?" अध्यक्षांच्या थोरल्या बहिणीचा पंखा थांबला. "अरे, तू घाटात मला घेऊन गेला होतास! एकोणीस वर्षांचा होतास आणि तुझ्या अंगात आलं होतं. समोर तेलाचा लाल दिवा लागला होता, मी ओरडत होते, तू म्हणालास, ताई, तो शोभेचा आहे! मग आतून असा आवाज आला की मी डोळेच मिटले. ट्रकवाल्याने दोरीने ओढत आणलं आपल्याला. बाबांनी तुला सांगितलं नसेल काय बदललं ते. तू आठ दिवस जेवला नव्हतास, म्हणून म्हणाले असतील दुरुस्त केलंय."

अध्यक्ष टॉर्च हातात घेऊन तसेच वाकलेले राहिले. सत्तर वर्षांचा माणूस, पण त्या क्षणी थेट एकोणिसाचा दिसत होता. मग सरळ झाले, रांगांमधून मागे चालत गेले आणि मिस्त्रींसमोर उभे राहिले. "मिस्त्री, इंजिन मीच फोडलं होतं. आणि तुमच्यावर घातलं. चुकलं माझं."

मिस्त्रींनी मान हलवली. मुलीने त्यांचा हात धरला होता, तो सोडला नाही. फळीवरचं नाव जागेवर राहिलं. तपासनिसाने नंतर नोंदवहीत लिहिलं, ब्लॉक कंपनीचा, रीतसर बदललेला. आणि मग गंमत अशी झाली, की सगळे आपापल्या गाड्यांवर टॉर्च आडवे धरून वाकले. कंत्राटदाराची तर बोनेटमधून मान बाहेर यायला तयार नव्हती.

घरी परत आम्ही रिक्षाने आलो. डॉक्टरांना अचानक काम निघालं होतं.

पुढचे तीन दिवस घर शांत होतं. फोन नाही, निरोप नाही. मी मुद्दाम नळाचं नाव काढलं नाही. सासूबाई बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत बसायच्या आणि परत एकत्र करायच्या. "झालं ते बरंच झालं," त्या मला दिवसातून तीनदा सांगत होत्या, म्हणजे तसं वाटत नव्हतं.

गुरुवारी दहाला मिस्त्री आले. या वेळी खुर्चीत पाठ टेकवून बसले. चहा अर्धा संपल्यावर म्हणाले, "बाई, एक सांगायचंय. डॉक्टरांच्या हिरव्या गाडीचा ब्लॉक मी बदलला होता. शेवटचे दोन आकडे एकसष्ट होते. मी सोळा ठोकले. उलटे. लक्षात आलं तेव्हा गाडी निघून गेली होती. पुढे कागदांवरही सोळाच चढलं. मी कुणालाही बोललो नाही."

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "आणि मला?"

"मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे. एकसष्टचा तुकडा तुमच्या डब्यात आहे ना, असं वाटायचं. म्हणून तर सुरुवातीला यायचो मी. म्हटलं, बाईंचा मूड बघत राहावं." ते ओशाळून हसले. "नंतर सवय झाली. नंतर आवडायला लागलं."

मी स्वयंपाकघराच्या दारात पातेलं हातात घेऊन उभी होते. सासूबाईंचा चेहरा आधी पडला, मग काय झालं कोण जाणे, त्या हसायला लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत.

"पण मिस्त्री," शेवटी त्या म्हणाल्या, "मला यातलं काहीच माहीत नव्हतं."

"हो. रविवारी कळलं."

"मग आता कशाला सांगितलंत? आयुष्यभर कुणाला कळलं नसतं."

मिस्त्रींनी उरलेला चहा संपवला. "तुम्ही माझ्यासाठी तो डबा सगळ्यांसमोर उलटा केलात," ते म्हणाले. "म्हटलं, बाईंकडे एक तरी खरा नंबर असू दे."

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले, मला हाक मारली आणि म्हणाल्या, "अगं, डॉक्टरांना एक फोन लाव. नुसतं विचार, गाडी कशी आहे."